आकाशातली वहिवाट

शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरावं आणि दुसरं लंडनपर्यंत ताणावं. दोरा ताठ झाला की तो जिथून जातो, तो या दोन शहरांमधला सगळ्यांत जवळचा रस्ता. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती बगदादच्या अंगाने, तुर्कस्तानातून जाते. दोरा मात्र उत्तरेकडे झुकतो. जामनगर, कराचीच्या जरा पलीकडचा बलुचिस्तान, पूर्व इराणचं वाळवंट, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, ओडेसाचा टापू, मग चेक प्रजासत्ताक, जर्मनी, बेल्जियम आणि इंग्लंड. सगळं मिळून सुमारे ७,२०० किलोमीटर.

प्रवासी विमान उंचीवर पोचलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. चौथीतलं पोरही भागाकार करून सांगेल : आठ तास. पण वेळापत्रक उघडलं तर आठ तास कुठेच सापडत नाहीत. जाताना साडेनऊ, दहा, कधी त्याहूनही जास्त. येताना नऊच्या आगेमागे. शहरं जागची हललेली नाहीत, विमानं मंदावलेली नाहीत. मग हे वरचे तास येतात कुठून?

थोडे वाऱ्यातून येतात, थोडे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या गर्दीतून. पण जास्तीत जास्त येतात ते दोऱ्याखालच्या देशांमधून. गावाकडे शेत सडकेपासून हाकेच्या अंतरावर असतं, पण मधल्या बांधावरून वहिवाट मिळाली नाही तर बैलगाडी मैलभर वळसा घेऊनच जाते. १९४४च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात लिहून ठेवलंय की, प्रत्येक देशाची आपल्या हद्दीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. मुंबई ते लंडन किती तास, याचं उत्तर आजही त्या कलमाच्या आधारे दिलं जातं. आणि ते उत्तर गेली काही वर्षं वाढत चाललंय.

पूर्वी हे उत्तर महिन्यांत असायचं. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मुंबई-लंडन हे अंतर १९,८०० किलोमीटरच्या घरात जायचं आणि शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने सहज लागायचे. १७ नोव्हेंबर १८६९ला सुएझ कालवा उघडला आणि तेच अंतर ११,६००वर आलं. वाफेच्या बोटी तीन आठवड्यांत पोचू लागल्या. ज्याला घाई असे आणि खिसा परवानगी देई, तो लंडनहून आगगाडीने मार्सेलिस किंवा ब्रिंडिसी गाठून तिथे बोट पकडायचा, म्हणजे बिस्केचा खवळता उपसागर आणि जिब्राल्टरचा फेरा टळायचा. मराठी वाचकाला मार्सेलिस वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. सावरकरांना घेऊन 'मोरिया' बोट १ जुलै १९१०ला इंग्लंडहून निघाली, ८ तारखेला मार्सेलिसची ती उडी झाली, आणि २२ जुलैला त्यांना मुंबईत उतरवलं गेलं. इतिहास घडून गेला तरी प्रवासाचा हिशेब तोच राहिला : तीन आठवडे.

जाता जाता एक गोष्ट. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या मालवाहू कंपन्यांनी आपली जहाजं पुन्हा आफ्रिकेच्या टोकावरून वळवली. दीडशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला रस्ता काही आठवड्यांत पुन्हा गजबजला. वळसा घालायची पाळी फक्त आकाशातल्यांवरच येते असं नाही.

विमान आलं तेव्हा ते आधी मुंबईला आलंच नाही. ३० मार्च १९२९ला इंपीरिअल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. पश्चिमेकडून येताना हिंदुस्थानचा पहिला सोयीचा उंबरठा कराची. सात दिवसांचा प्रवास, आणि तोही अखंड विमानाचा नव्हे : क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावर पाण्यात उतरणारं विमान, मग इजिप्त, इराक, इराणचं आखात असं उतरत-चढत कराची. त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. पुढच्या वर्षी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर क्रॉयडनहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हता. टाटांनी आपल्याकडचा दिला. अस्पी थोड्याशा फरकाने शर्यत जिंकला, आणि पुढे १९६०मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. एका प्लगवर मुंबई-लंडनचा (खरं तर कराची-लंडनचा) वेळ अवलंबून असण्याचे ते दिवस.

कराचीपर्यंत आलेली विलायती टपाल पुढे न्यायला टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला आपलं 'पुस मॉथ' हाकलं. वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. मग जुहू. जुहूला धावपट्टी म्हणजे चिखलाची सपाट जमीन. त्याच १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झालं. तिथल्या मंडळींना घरचं पत्र पूर्वीपेक्षा लवकर मिळू लागलं, एवढाच त्या दोन घटनांचा संबंध. पण तो संबंध लहान नाही.

८ जून १९४८. वार मंगळवार. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं चार पंख्यांचं विमान, कॅप्टन के. आर. गझदर, ३५ प्रवासी, त्यांत स्वतः टाटा. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. गुरुवारी, १० जूनला, मंडळी लंडनला पोचली. आठवड्यातून एक फेरी, भाडं १,७२० रुपये. सोनं तेव्हा तोळ्याला शंभराच्या आसपास होतं. म्हणजे एका तिकिटात सतराएक तोळे. आज दिवाळीच्या ऐन हंगामातही तोळ्याच्या आत जाऊन-येऊन होतं. महागाईवर बोलताना हा हिशेब कोणी काढत नाही.

त्या मंगळवारी नेमके किती वाजता विमान सुटलं, हे सांगताना घड्याळ कुणाचं हाही प्रश्न होता. १९०६पासून देशभर भारतीय प्रमाणवेळ लागू झाली होती, पण मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नव्हता. तो ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९५५पर्यंत तो टिकला. स्वतंत्र देशाचं पहिलं विलायती विमान उडालं तेव्हा मुंबईतली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती.

कैरोला आणि जिनिव्हाला उतरणं ही हौस नव्हती, पेट्रोलची गरज होती. या गरजेची फार मोठी किंमत या मार्गाने मोजली आहे. ३ नोव्हेंबर १९५०ला तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाकडे उतरत येताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ला 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ मुंबई, दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाला उतरायला निघालं होतं. विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं. आपण माँ ब्लाँची रांग ओलांडली असा वैमानिकाचा समज झाला, आणि ते विमान त्याच डोंगरावर आदळलं. ११७ मृत्यू. त्यांत होमी भाभा होते. दोन्ही विमानं लंडनच्याच वाटेवरची.

माँ ब्लाँवरची बॉसों हिमनदी या विमानांचे अवशेष अजून थोडे थोडे बाहेर टाकते. २०१२मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली मिळाली, आत त्या जानेवारीतली वर्तमानपत्रं. पुढच्याच वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम आणि माणकांनी भरलेली पेटी सापडली आणि त्याने ती पोलिसांकडे जमा केली. मालकाचा वारस सापडेना, तेव्हा २०२१मध्ये ती त्या गिर्यारोहकात आणि पायथ्याच्या गावाच्या पालिकेत वाटून देण्यात आली. मुंबईहून निघालेल्या विमानातलं सामान लंडनच्या रस्त्यात इतकी वर्षं थांबल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आजची विमानं अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात आणि इंधन भरायला जिनिव्हाला उतरावं लागत नाही. या मार्गावरच्या प्रवाशाला जेट इंजिनाने दिलेली खरी भेट वेगापेक्षा हीच, असं मला वाटतं.

वेगाचं म्हणाल तर तो १९६०मध्ये मिळाला आणि तिथेच थांबला. त्या वर्षी एअर इंडियाचं ७०७ लंडनला जाऊ लागलं आणि कॉन्स्टेलेशनचा ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. १९७१मध्ये 'सम्राट अशोक' हे जंबो आलं. नंतर ७७७, ७८७, ए-३५०. खुर्च्या बदलल्या, खिडक्या मोठ्या झाल्या, इंजिनं चारची दोन झाली. वेग मात्र आवाजाच्या वेगाच्या पंच्याऐंशी टक्क्यांपाशीच राहिला. त्यापुढे गेलं की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधन परवडत नाही. ज्याने तो हिशेब झुगारला त्या कॉन्कॉर्डचाही भारताशी संबंध आहे. एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्ड राखून ठेवली होती, ती १९७५मध्ये रद्द केली. पुढे लंडन-बहारीन-सिंगापूर कॉन्कॉर्ड सुरू झालं तेव्हा भारताने आपल्या आकाशात त्याला आवाजाच्या वेगापुढे जाऊ दिलं नाही. वहिवाट नाकारणाऱ्यांत आपणही होतो, हे लक्षात असलेलं बरं.

आता वारा. ही भानगड मला विलेपार्ल्यात राहणाऱ्या एका निवृत्त वैमानिकांनी कागदावर गणित मांडून दाखवली. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात इराण ते उत्तर भारत या पट्ट्यात तर ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने. सोपं म्हणून सरासरी शंभर धरू. जाताना वारा तोंडावर, म्हणून जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० : नऊ तास. येताना वारा पाठीशी, वेग १,००० : सात तास बारा मिनिटं. दोन्ही मिळून सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर आठ अधिक आठ, सोळा. जाताना गेलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही. बारा मिनिटं वारा ठेवून घेतो. 'अहो, वाऱ्याचंही कमिशन असतं,' असं म्हणून ते हसले.

वारा ओळखून वाट निवडली तर लांबचा रस्ता लवकर पोचवतो, याचा नमुना दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० झालं आणि वेळ साडेसोळा तासांवरून साडेचौदावर आला. चौदाशे किलोमीटर जास्त, दोन तास कमी.

म्हणूनच उड्डाणाच्या काही तास आधी जमिनीवर बसलेला डिस्पॅचर रोज नव्याने वाट आखतो. संगणक वाऱ्याचे अंदाज घेऊन चार-सहा पर्याय काढतो. प्रत्येकात इंधन किती, वेळ किती, आणि कोणत्या देशाला वरून जाण्याचं भाडं किती, हे मांडलेलं असतं. होय, भाडं. ज्याच्या आकाशातून जायचं त्याला विमानाचं वजन आणि अंतर पाहून पैसे द्यावे लागतात. वैमानिकाच्या हाती येणाऱ्या कागदावर देशांची नावं ठळक नसतात. पाच-पाच अक्षरांच्या ठिकाणांची माळ असते. मुंबईची हद्द संपून मस्कतची सुरू होते तिथे समुद्रावर 'रास्की' आणि 'पारार' आहेत. या नावांची गावं कुठेच नाहीत, खाली नुसतं पाणी आहे, पण लंडनला जाणारी कित्येक विमानं रोज रात्री या नसलेल्या गावांवरून जातात. त्याखाली इंधनाचा तक्ता : वाटेला लागणारं, अंदाज चुकला तर थोडं वरचं, हीथ्रो बंद पडलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि सगळं संपल्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. बोईंग ७८७ तासाला साधारण पाच-साडेपाच टन इंधन पितं. तासाभराचा वळसा म्हणजे तेवढे टन जास्त. ते वाहून न्यायला आणखी थोडे. आणि वजन फारच झालं तर खालच्या मालातल्या काही पेट्या मुंबईतच राहतात.

या माळेतला कोणता मणी कधी गळेल याचा नेम नाही. बालाकोटच्या हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ला पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला उघडलं. २ जुलैपर्यंतच एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनचं आकाश मिटलं, म्हणजे आपल्या दोऱ्यातला ओडेसाचा टापू गेला. २०२३च्या सप्टेंबरपासून इराक-इराणच्या सीमेवर विमानांना खोटे उपग्रह-संकेत मिळू लागले. विमान असतं एकीकडे, पडद्यावर दिसतं दुसरीकडे, कधी कधी घड्याळसुद्धा मागे जातं. नोव्हेंबरमध्ये आपल्या हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएला याबद्दल सूचना काढावी लागली. २४ एप्रिल २०२५ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने पुन्हा बंदी घातली. या वेळी ती सगळ्यांना नाही, भारतीय विमानांना. आपणही तसंच उत्तर दिलं. परिणाम असा की, मुंबईहून एकाच रात्री दोन विमानं लंडनला निघतात, त्यांतल्या ब्रिटिश कंपनीच्या विमानाला कराचीवरून जायला मोकळीक आणि शेपटीजवळ भारतीय नोंदणीचं 'व्हीटी' लिहिलेल्या विमानाला मज्जाव.

मुंबईचं नशीब असं की, तिच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि समुद्राला मालक नाही. आपली विमानं सरळ अरबी समुद्रावर निघतात, ओमान, सौदी किंवा इराक करत तुर्कस्तान गाठतात, आणि तोटा आटोक्यात राहतो. खरी कोंडी दिल्लीची. तिथल्या विमानांना आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत यावं लागतं आणि मग पश्चिमेची वाट धरावी लागते. अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५पासून थांबवली गेली आणि त्याच्या कारणांत ही बंदीही होती.

पण मुंबईलाही त्याआधी, १३ जून २०२५ला, चटका बसलाच. आदल्याच दिवशी अहमदाबादहून लंडनच्या गॅटविकला निघालेलं विमान कोसळून शेकडो माणसं गेली होती. त्यावर इथे दोन ओळींत लिहिणं बरं नव्हे. त्या सुन्न सकाळी मुंबईहून हीथ्रोला निघालेलं एआय-१२९ समुद्रावर असताना इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणने आकाश मिटलं. सुमारे तीन तास हवेत राहून ते विमान पुन्हा मुंबईलाच उतरलं. तिकडून येणारं एआय-१३० व्हिएन्नाला वळवलं गेलं. त्या दिवशी मुंबई ते मुंबई हे अंतर तीन तासांचं होतं.

रात्री अकराच्या सुमारास मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर उभं राहिलं तर यातलं काहीही कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तिथे विवंचना वेगळी. चाकाच्या खुर्च्यांची रांग, त्यांत नऊवारीतल्या आणि सलवार-कमीज घातलेल्या आज्या. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण, नाहीतर नातवाची सुट्टी. खोक्यांवर मार्करने नाव आणि पत्ता. एक गृहस्थ वजनकाट्यापाशी बॅग उघडून बसले होते. दीड किलो जास्त भरत होतं. त्यांनी चकलीचा डबा काढला, परत ठेवला, मग स्वेटर काढून अंगात घातला. बाहेर उकाड्याने माणसं घामेघूम. बायको म्हणाली, 'अहो, डबा हातात घेते मी.' काटा तेवीसवर आला आणि मागच्या रांगेने सुस्कारा टाकला. विमान पाच टन इंधन जास्त नेत असेल तर दीड किलो चकलीने काय बिघडतं, असं काउंटरवरच्या मुलीला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

यांतली बरीच विमानं मध्यरात्रीनंतर का सुटतात, याचं उत्तर लंडनमध्ये आहे. हीथ्रोच्या भोवती दाट वस्ती आहे. पहाटे सहाच्या आधी मोजक्याच विमानांना उतरू देतात. त्यामुळे तिथे सकाळी पोचायचं तर इथून रात्री दोन-तीनला निघावं लागतं. इतकं करून वेळेवर पोचलं तरी दोन धावपट्ट्यांवर उतरायला जग लोटलेलं असतं. बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी विमानं एकावर एक मजले करून गोल गोल फिरवत ठेवतात. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा लँबर्न येतं. दहा-वीस मिनिटांचा हा फेरा वेळापत्रकात आधीच धरून टाकलेला असतो. म्हणून पायलट 'आपण वेळेआधी पोचतोय' असं सांगतो, तेव्हा फार हुरळून जाऊ नये.

२०२५ची भाऊबीज होती २३ ऑक्टोबरला. २६ तारखेला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे गेली आणि मुंबई-लंडन फरक साडेचारवरून साडेपाच तासांचा झाला. दर वर्षी त्या रविवारी कुणी ना कुणी तिकडच्या लेकाला झोपेतून उठवतंच. विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रकही त्याच दिवशी सुरू होतं आणि मार्चच्या अखेरपर्यंत चालतं. पाकिस्तानची बंदीची नोटीस मात्र महिन्याभराचीच निघते. मुदत संपत आली की पुढच्या महिन्यापुरती वाढते, तशीच आपलीही. पाच महिन्यांचं वेळापत्रक महिन्याच्या भरवशावर छापता येत नाही, म्हणून आपल्या कंपन्या लांबच्या वाटेचेच तास धरून चालतात. मध्येच बंदी उठलीच, तर पुढचं वेळापत्रक येईपर्यंत मुंबईचं विमान वेळेच्या बरंच आधी इंग्लंड गाठेल आणि आपली पाळी येईपर्यंत लँबर्नवर घिरट्या घालत बसेल.